हाई तेच शे का?

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर, अण्णा दुकानातला कॉम्प्युटर अ‍ॅक्टिवाच्या पायाशी ठेवून घरी घेऊन आले. जळगावचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, त्यात टाळेबंदी. गोलाणी मार्केटमधलं आमचं डीटीपीचं दुकान दोन महिने बंद होतं. उघडायची परवानगी मिळाली त्या दिवशी अण्णांनी बटण दाबलं, पंखा एकदा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी पुण्याहून घरी येऊन बसलो होतो, लॅपटॉपवर कंपनीचं काम चालू होतं. अण्णांनी कॅबिनेट माझ्या पलंगाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "तू इंजिनिअर ना? बघ."

उघडून पाहिलं तर मदरबोर्डावरचे तीन कपॅसिटर फुगले होते. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, फरक पडला नाही. २००७ साली जोडलेला तो कॉम्प्युटर: इंटेलचा ९४५ चिपसेट, पेन्टियम ड्युअल कोअर, ८० जीबीची डिस्क, विंडोज एक्सपी. डिस्क मात्र ठणठणीत होती. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली, माझ्या लॅपटॉपला जोडली, आधी तिची पूर्ण प्रत काढून ठेवली. मग लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं आणि त्याला सांगितलं, तुझी डिस्क म्हणजे ही खरी डिस्क. तीन रात्री खटपट केल्यावर चौथ्या रात्री पडद्यावरच्या एका खिडकीत अण्णांचा डेस्कटॉप उघडला. पद्मालयच्या गणपतींचा फोटो, एकाच गाभाऱ्यातले ते दोघे, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. त्याच्यावर गर्दी करून बसलेले फोल्डर: 'लग्न २०११', 'बिलबुक केळी', 'उत्तरकार्य', 'कोर्ट'.

अण्णांना हाक मारली. आम्ही मूळचे पारोळा तालुक्यातले, त्यामुळे अण्णांना आश्चर्य वाटलं की ते अहिराणीत बोलतात. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ खिडकीकडे पाहिलं, मग पलंगाशेजारच्या उघड्या, डिस्क नसलेल्या कॅबिनेटकडे पाहिलं, आणि विचारलं, "हाई तेच शे का?"

हे तेच आहे का? मी पटकन "हो" म्हणालो. नंतरच्या काही महिन्यांत लक्षात आलं की आमच्या धंद्यातला हा साठ वर्षं जुना प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी दिलं तेवढं सोपं नाही.

*

एकच ऑपरेटिंग सिस्टिम कधी थेट यंत्रावर चालवायची, कधी दुसऱ्या सिस्टिमच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवायची, ही कल्पना लॅपटॉपवाल्या पोरांनी काढलेली नाही. ती व्हर्च्युअल मशीनइतकीच जुनी आहे.

१९६० च्या दशकात आयबीएमचं एक छोटं केंद्र अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, एमआयटीच्या शेजारी होतं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि ते एका वेळी एकाचंच काम करणार. तिथल्या रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने वेगळा विचार केला: एक यंत्र दहा माणसांत वाटून देण्यापेक्षा प्रत्येकाला अख्खं यंत्रच द्यावं, फक्त खोटं. सिस्टिम/३६० मालिकेतल्या मॉडेल ४० या यंत्रात फेरफार करून त्यांनी सीपी-४० नावाचा कार्यक्रम लिहिला आणि १९६७ च्या सुरुवातीला तो कामाला लागला. सीपी-४० वापरकर्त्याला फाईल देत नसे, संपादक देत नसे. फक्त "हे घे तुझं स्वतंत्र सिस्टिम/३६०" असा भास देत असे. त्या भासावर चालवायला एक छोटी, एकट्या माणसासाठीची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, तिचं नाव सीएमएस.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की सीएमएस लिहायला घेतलं तेव्हा सीपी-४० तयारच नव्हतं. म्हणून सीएमएस लिहिणाऱ्यांनी ते आधी नुसत्या यंत्रावर, उघड्या लोखंडावर चालवलं. पुढे सीपी तयार झाल्यावर तेच सीएमएस खोट्या यंत्रावर चढवलं, आणि ते चाललं. त्याला कळलंही नाही. खालचं यंत्र खरं की खोटं हे वरच्याला कळू नये, हीच तर सगळी अट होती.

ती मुभा फार काळ टिकली नाही. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० हे उत्पादन बाजारात आणलं तेव्हा सीएमएसमध्ये असे बदल केले की ते फक्त व्हीएमच्या आतच चालेल. पूर्वी ते स्वतःच्या पायावर उभं राहू शकत होतं, आता भाडेकरू झालं. कारण सरळ होतं. खाली यजमान आहे हे धरून चाललं तर काही कामं थेट त्यालाच सांगता येतात आणि वेग वाढतो. मात्र तेव्हापासून आजपर्यंत हीच ओढाताण चालू आहे: पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे कळलं तर तो सोयीने राहतो, पण मग त्याला परत आपल्या घरी एकटं राहणं जड जातं.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका निबंधात हे सगळं नियमांत बसवलं. व्हर्च्युअल मशीन कशाला म्हणायचं? आत चालणारा कार्यक्रम खऱ्या यंत्रावर जसा वागला असता तसाच वागला पाहिजे; बहुतेक सूचना प्रोसेसरने मध्यस्थाशिवाय थेट पार पाडल्या पाहिजेत; आणि यंत्राच्या साधनांवर पूर्ण ताबा यजमानाचा राहिला पाहिजे. पहिल्या नियमाला त्यांनी दोन अपवाद ठेवले: वेळ, आणि उपलब्ध साधनं. म्हणजे आत काम हळू होईल, स्मृती कमी मिळेल, एखादं उपकरण नसेल. बाकी सगळं तेच. अण्णांच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर हे आहे. आमचं घोडं त्या दुसऱ्या अपवादात अडणार होतं, हे मला त्या रात्री माहीत नव्हतं.

*

आयबीएमने १९७८ साली भारतातून गाशा गुंडाळला. आमच्या भागात कॉम्प्युटर पोचला तो थेट पीसी म्हणून, आणि पीसीच्या प्रोसेसरमध्ये हा खेळ खेळायची सोयच नव्हती.

पोपेक-गोल्डबर्ग पद्धतीत पाहुण्याने काही नाजूक काम करू पाहिलं की प्रोसेसरने त्याला अडवून यजमानाकडे वर्दी दिली पाहिजे. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये काही सूचना अशा होत्या की परवानगी नसताना दिल्या तर प्रोसेसर नकारही देत नसे आणि कामही करत नसे. आपल्याकडे काही टेबलांवर अर्ज जसा ठेवून घेतला जातो, तसं. २००० साली दोन अभ्यासकांनी पेन्टियमवर अशा १७ सूचना मोजल्या. त्यामुळे एक्स८६ वर व्हर्च्युअल मशीन नीट जमणार नाही, असं बऱ्याच जणांचं मत होतं.

तोवर ते जमलेलं होतं. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून आलेल्या मंडळींनी १९९८ साली व्हीएमवेअर स्थापन केली आणि १९९९ मध्ये पहिलं उत्पादन विकायला काढलं. पाहुण्याच्या सूचना चालता चालता वाचायच्या, त्यातल्या अडचणीच्या तेवढ्या बदलून टाकायच्या, ही त्यांची युक्ती. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच ती सोय दिली, आणि २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलं.

व्हीएमवेअरच्या जुन्या वापरपुस्तिकेत एक प्रकरण असे: तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि विंडोज शेजारी शेजारी बसवलेले असतील, तर लिनक्स चालू ठेवून तीच विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये कशी उठवायची. अडचण अशी की विंडोज बसवताना ती भोवतालचं हार्डवेअर पाहून घेते आणि ते कायमचं गृहीत धरते. दुसऱ्या दिवशी उठल्यावर ग्राफिक कार्ड निराळं, नेटवर्क कार्ड निराळं, तर ती गोंधळते. यावरचा उपाय विंडोजमध्येच सापडला: हार्डवेअर प्रोफाइल. ही सोय केली होती लॅपटॉपसाठी. ऑफिसात लॅपटॉप डॉकवर बसला की एक प्रोफाइल, प्रवासात दुसरं. व्हीएमवेअरने सांगितलं, एक प्रोफाइल खऱ्या यंत्राचं करा, दुसरं खोट्याचं, आणि सुरू होताना निवडा.

मला हे प्रकरण माहीत असण्याचं कारण लाजिरवाणं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा हॉस्टेलवर माझ्या लॅपटॉपमध्ये विंडोज १० आणि लिनक्स दोन्ही होते. असाइनमेंट विंडोजमध्ये, बाकी आयुष्य लिनक्समध्ये. रिबूट करायचा कंटाळा, म्हणून विंडोजचं पार्टिशन व्हर्च्युअल मशीनला जोडलं. महिनाभर झकास चाललं. विंडोज ८ पासून 'बंद करा' म्हटल्यावर ती पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते, म्हणजे उठायला सोपं. हे मी वाचलेलं नव्हतं. एके रात्री खऱ्या यंत्रावर ती अशी अर्धवट झोपलेली असताना मी लिनक्समधून त्याच पार्टिशनवर फायली कॉपी केल्या, वर व्हर्च्युअल मशीनमध्ये तिला उठवलं. तिच्या आठवणीत डिस्क एक होती, प्रत्यक्षात दुसरी. तासभर डिस्कची तपासणी चालली आणि सेमिस्टरचा प्रोजेक्ट रिपोर्ट तुकड्या-तुकड्यांच्या निनावी फायलींमध्ये सापडला. चूक पूर्णपणे माझी. तेव्हापासून एक नियम पाठ आहे: शरीरं दोन असली तरी जागं एका वेळी एकच असलं पाहिजे, आणि एकात पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसऱ्यात उठवायचं नाही.

*

अण्णांच्या एक्सपीला त्या तीन रात्री का लागल्या तेही सांगतो. पहिल्या रात्री निळा पडदा आला, स्टॉप ७बी. याचा अर्थ: मी ज्या डिस्कवरून उठतेय ती मलाच सापडत नाही. एक्सपीने २००७ साली इंटेलचा एक विशिष्ट डिस्क कंट्रोलर पाहिला होता, व्हर्च्युअल मशीनमध्ये इंटेलचाच पण दहा वर्षं जुन्या पिढीचा कंट्रोलर होता. लिनक्समधून डिस्कवरची रजिस्ट्री उघडून त्यात "हाही कंट्रोलर आपलाच" अशा नोंदी घातल्या. दुसऱ्या रात्री काळा पडदा. तो प्रोसेसर दोन कोअरचा, त्यामुळे एक्सपीने दोन प्रोसेसरांसाठीचा तळाचा थर बसवलेला, आणि मी व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याला लागणारा इंटरप्ट कंट्रोलर चालूच केला नव्हता. तिसऱ्या रात्री एक्सपी उठली आणि म्हणाली, हार्डवेअर फार बदललंय, तीन दिवसांत पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. चौथ्या रात्री ड्रायव्हर बसवले, पडदा पूर्ण रंगात आला, आणि पद्मालयचे गणपती दिसले.

अण्णांनी माऊस हातात घेतला. पेजमेकर उघडलं. 'लग्न २०११' मधली एक पत्रिका उघडली. अक्षरं जशीच्या तशी: वर कुलदैवत, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग खानदेशी पद्धतीने दोन्हीकडच्या साऱ्या भाऊबंदांची यादी. माझ्या लॅपटॉपमधून घरच्या प्रिंटरवर पान छापलं, तेही बरोबर. अण्णा खूश. मग त्यांनी कर्सर एका नावापुढे ठेवला आणि टाईप करायला सुरुवात केली.

पडद्यावर रोमन अक्षरं उमटली.

"मंग लिखत काबर नही ते?" अण्णांनी विचारलं. वाचतंय ना, मग लिहीत का नाही?

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, प्रिंटरच्या रुंद पोर्टवर, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक पांढरं प्लास्टिकचं चौकट बसलेलं होतं. त्याला आमच्या धंद्यात 'लॉक' म्हणतात.

*

मराठी कॉम्प्युटरवर आली तीच मुळी हार्डवेअर म्हणून. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र विकसित झालं; त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिकडे आलं. जिस्ट कार्ड हे पीसीच्या आत खोचायचं खरंखुरं कार्ड होतं. डॉसमधल्या साध्या इंग्रजी कार्यक्रमाच्या आणि पडद्याच्या मध्ये बसून ते देवनागरी अक्षरं काढत असे. कार्ड काढलं की कॉम्प्युटर मराठी विसरला. भाषा शब्दशः एका पाटीवर बसवलेली होती.

विंडोज आल्यावर कार्डाची गरज संपली. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, अशी पॅकेजेस घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे गेली. पण विंडोजला तेव्हा देवनागरी कळतच नव्हती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, तरी विंडोजमध्ये ती नीट यायला विंडोज २००० उजाडावं लागलं, आणि पेजमेकरसारख्या कार्यक्रमांपर्यंत ती पोचलीच नाही. म्हणून एक जुगाड सर्वमान्य झाला: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला फॉन्ट. फायलीत साठतं इंग्रजी चिन्ह, दिसतो मराठी अवयव: एक काना, अर्धा त, रफार. एका जोडाक्षराला चार चिन्हं लागायची. कळ दाबल्यावर त्या चिन्हांची योग्य रांग लावून देणं हे कीबोर्डाच्या कार्यक्रमाचं काम.

आता मेख इथे आहे. फॉन्ट म्हणजे साधी फाईल. ती डिस्कबरोबर कुठेही जाते. म्हणून माझ्या लॅपटॉपवर पत्रिका दिसली आणि छापलीही गेली. पण कीबोर्डाचा कार्यक्रम सुरू होताना प्रिंटरच्या पोर्टवर लॉक आहे का ते विचारतो. माझ्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. बाजारात यूएसबीला जोडायच्या प्रिंटर-केबली मिळतात, त्या प्रिंटरशी बोलू शकतात, लॉकशी नाही. लॉकला पोर्टाच्या तारांवर थेट हात ठेवून विचारावं लागतं. पोपेक-गोल्डबर्गचा दुसरा अपवाद: उपलब्ध साधनं. बाकी सगळं तेच होतं. एक्सपी तीच, फायली त्याच, गणपती तेच. फक्त व्हर्च्युअल मशीनमध्ये मराठी वाचता येत होती आणि लिहिता येत नव्हती. लिहायला लोखंड लागत होतं.

मी लगेच दोन उपाय सांगितले. एक, सगळं युनिकोडमध्ये बदलून घेऊ, मी कन्व्हर्टर लिहितो. दुसरा उपाय मी सांगितलाही नाही, तो अण्णांनाच माहीत होता: त्याच मार्केटमध्ये लॉक तोडलेल्या प्रती पेन ड्राइव्हवर हिंडत असतात, आणि त्या कुठल्याही मशीनवर, कुठल्याही व्हर्च्युअल मशीनमध्ये विनातक्रार चालतात.

अण्णांनी दोन्हीला नकार दिला. दुसऱ्याला का, ते लहानपणापासून ऐकत आलोय. अण्णा अमळनेरला टाईपरायटरवर मराठी शिकले, परीक्षा पास झाले, मग कितीतरी वर्षं कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये अर्ज टाईप करत बसले. २००७ साली पतसंस्थेचं कर्ज काढून दुकान टाकलं, तेव्हा ते सॉफ्टवेअर लॉकसकट विकत घेतलं. पावती आजही देवघराच्या खणात आहे. शेजारच्या दुकानांत सगळं फुकटचं, आमच्याकडे ओरिजिनल. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की दहावीत असताना त्याची चेष्टा करायचो. आता समोर उभं राहिलेलं सत्य असं, की पैसे न देणाऱ्याची मराठी मोकळी होती आणि पैसे देणाऱ्याची एका मोडक्या बोर्डाला बांधलेली.

पहिल्या उपायाला नकार का, हे समजायला मला वेळ लागला. अण्णांची बोटं टाईपरायटरच्या मांडणीवर तयार झालेली आहेत, ती मांडणी युनिकोडमध्येही मिळते, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी दोन ओळी टाईप केल्या. जवळपास सगळं जमलं. काही जोडाक्षरं वेगळ्या क्रमाने मागत होतं, ऱ्हस्व इकार आपणहून उडी मारत होता. ते थांबले आणि म्हणाले, "हे तुझं आहे. चांगलं आहे. पण माझ्याकडून तासाला एक पान होईल याच्यात." एकवीस-बावीस वर्षांचा असताना मी ज्याला 'मायग्रेशन' म्हणायला शिकलो होतो, त्याचा अर्थ साठीच्या माणसाला पुन्हा उमेदवारी करायला लावणं असाही होतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

*

जून महिन्यात गोलाणीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे, रद्दीच्या ढिगात, तसाच ९४५ चा बोर्ड सापडला. प्रिंटर पोर्टसकट. मग आम्ही जी व्यवस्था केली ती व्हीएमवेअरच्या त्या जुन्या प्रकरणातली होती, फक्त दोन यंत्रांत दीड किलोमीटर अंतर.

दुकानातल्या कॅबिनेटला पुढून सरकवायचा रॅक लावला. सकाळी अण्णा डिस्क रॅकमध्ये घालून एक्सपी खऱ्या लोखंडावर उठवायचे आणि टाईप करायचे. संध्याकाळी डिस्क डब्याच्या पिशवीत घालून घरी आणायचे. रात्री मी तीच डिस्क लॅपटॉपला जोडून तीच एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये उठवायचो. अण्णा दिवसभराचं काम निवांत बसून तपासायचे, पीडीएफ करायचे, गिऱ्हाईकाला मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचो. चूक दिसली तर वहीत लिहून ठेवायची, दुरुस्ती उद्या दुकानात. टाळेबंदीच्या दिवसांत, दुकान एक दिवसाआड उघडं असताना, याचा फार उपयोग झाला. त्या वर्षी जळगावात 'उत्तरकार्य' फोल्डर फार भरभर वाढलं. ती पानं अण्णा रात्री एकदाच वाचायचे, नाव आणि तिथी तपासायचे, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवायचे.

नवीन बोर्डासाठी एक्सपीने पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं. फोनवरच्या यांत्रिक आवाजाला आकड्यांची लांबलचक माळ वाचून दाखवली आणि ते मिळालं. त्या हिशोबात नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला जास्त वजन असतं, म्हणून व्हर्च्युअल मशीनला मी दुकानातल्या बोर्डाचाच पत्ता दिला. दोन्हीकडे एकाच वेळी चालणं शक्यच नव्हतं. डिस्क एक, पिशवी एक. हॉस्टेलमध्ये मोडलेला नियम इथे आपोआप पाळला गेला.

एक फरक सांगायला हवा. त्याच ९४५ च्या बोर्डावर लिनक्स टाकून, तिथेच व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी चालवावी, पोर्ट आत द्यावा, म्हणजे लॉकही चालेल आणि रोजची ने-आणही टळेल, असं मला सुचलं होतं. पण त्या प्रोसेसरमध्ये इंटेलची २००५ ची ती सोय नव्हती. स्वस्तातल्या प्रोसेसरांतून ती काढलेली असे. व्हर्च्युअलबॉक्स त्या सोयीशिवायही चालायचा, पण डिसेंबर २०१९ च्या ६.१ आवृत्तीत तो मार्गही बंद केला गेला. जुनी आवृत्ती टाकून पाहिली. पेजमेकर पान उलटायला जो वेळ घेई तो पाहून अण्णा चहा करायला उठून गेले.

*

हे सगळं लिहिताना मोठा इतिहासही डोळ्यांसमोर आहे. एकच सिस्टिम दोन्हीकडे चालावी म्हणून मधल्या काळात खूप काम झालं. लिनक्समध्ये २००७ च्या सुमारास असा बदल आला की एकच कर्नल उठतानाच पाहतो, खाली लोखंड आहे की यजमान, आणि त्याप्रमाणे वागतो. त्याआधी झेनसारख्या यजमानावर चालायला वेगळा कर्नल बांधावा लागे. शिवाय लिनक्स प्रत्येक वेळी उठताना हार्डवेअर नव्याने पाहतो, डिस्क तिच्या क्रमांकाने न ओळखता तिच्यावरच्या खुणेने ओळखतो, त्यामुळे ती डिस्क कुठेही लावली तरी बहुधा उठतेच. विंडोजनेही ७ व्या आवृत्तीत, २००९ साली, व्हर्च्युअल डिस्कच्या फायलीवरून थेट खरं यंत्र सुरू करायची सोय दिली.

उलट दिशेनेही दारं बंद झाली. एप्रिल २००६ मध्ये अ‍ॅपलने बूट कॅम्प आणलं, मॅकवर विंडोज थेट चालू लागली. वर्षभरात तेच पार्टिशन मॅक न सोडता व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडता येऊ लागलं. लाखो लोकांनी ते वापरलं. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक काढले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प आलंच नाही. १९७२ मध्ये सीएमएसचं जे झालं तेच. आणि २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आली तेव्हा तिच्या घरगुती आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायला परवान्यातच मनाई होती; वर्षभराने ती उठवली. तांत्रिक अडचण काहीच नव्हती, फक्त कागदावर लिहिलं होतं म्हणून.

म्हणून अण्णांच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं आहे. प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांच्यापुरतं पाहिलं तर हे तेच आहे. साठ वर्षांत अनेक हुशार लोकांनी ते तेच राहावं म्हणून आयुष्य घातलंय. ते वेगळं होतं तिथे, जिथे कोणीतरी मुद्दाम विचारतं की तू कोणत्या शरीरात आहेस. कधी परवाना विचारतो, कधी अ‍ॅक्टिव्हेशन, कधी प्रिंटरच्या पोर्टवरचं प्लास्टिकचं चौकट. आणि विचारणाऱ्याचं उत्तर देणारं कोणी उरलं नाही, म्हणजे पॅकेज बंद पडलं, पोर्ट नाहीसा झाला, तरी प्रश्न तसाच चालू राहतो.

गेल्या चार वर्षांत मी त्या डिस्कवरचं सगळं पीडीएफ करून ठेवलंय, आणि कन्व्हर्टरही लिहिलाय. जुन्या फायली आता युनिकोडमध्ये शोधता येतात. गिऱ्हाईक "अकरा सालच्या लग्नातली यादी द्या" म्हणालं की मी पुण्यातून नाव शोधून देतो. लिहिणं मात्र अजून दुकानातच होतं. गोदरेजच्या कपाटात, आईच्या साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ९४५ चे दोन बोर्ड आहेत, अण्णांनी गेल्या दिवाळीआधी स्वतः हिंडून शोधलेले. किती वर्षं पुरतील, हे त्यांनी मला विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

एक्सपी उठताना काळ्या पडद्यावर प्रोफाइलची यादी येते. मी दोन नावं दिली होती, 'दुकान' आणि 'घर'. त्या पडद्याला देवनागरी येत नाही, म्हणून ती रोमन अक्षरांत लिहावी लागली. अण्णा रोज सकाळी बाण खाली-वर करून 'दुकान' निवडतात आणि एंटर दाबतात.